करिश्मॅटिक कोणाला म्हणावे?

निवडणुकीचा हंगाम आला की वर्तमानपत्रांत आणि वृत्तवाहिन्यांवर ‘करिश्मॅटिक’ हे विशेषण हमखास भेटते. सभेला गर्दी खेचणारा नेता करिश्मॅटिक, पडद्यावर येताच शिट्ट्या मिळवणारा नट करिश्मॅटिक, आणि अलीकडे तर मुलाखतीत छाप पाडणारा उमेदवारही करिश्मॅटिक. हे विशेषण वापरताना आपण त्या व्यक्तीच्या अंगच्या गुणाविषयी बोलत असतो. ज्यांनी या शब्दाला अर्थ दिला, त्यांची नजर मात्र त्या व्यक्तीभोवती जमलेल्या माणसांवरही होती.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. आपल्या परिचयाचा ‘करिश्मा’ फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ नखरा, नेत्रकटाक्ष. पुढे उर्दूत त्याला चमत्काराचा अर्थ मिळाला. इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक ‘खारिस’, म्हणजे कृपा, या शब्दात आहे. दोघांचे नाते नाही. पण उच्चार जुळले, अर्थही जवळ आले, आणि ‘करिश्माई नेतृत्व’ या मराठी प्रयोगात ते असे मिसळले की आता त्यांना वेगळे काढणे अवघड आहे.

या ग्रीक शब्दाचा जुना वापर पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदाच्या, एका जीर्ण हस्तलिखितात दिसतो. सुमारे इ.स. 200 मधल्या या हस्तलिखिताची काही पाने डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात, तर काही अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जपलेली आहेत. त्यांवर संत पौलाची पत्रे आहेत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात पौल ‘खारिस्माता’, म्हणजे मराठी बायबलमधली ‘कृपादाने’, एकेक करून सांगतो: ज्ञानाचे वचन, रोग बरे करण्याचे सामर्थ्य, संदेश देणे, अन्य भाषांत बोलणे. ही दाने सर्वांच्या हितासाठी आहेत, कोणाच्या मोठेपणासाठी नव्हेत, हे तो बजावून सांगतो.

हा शब्द चर्चबाहेर काढून राजकारणाच्या अभ्यासात आणला तो जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी. चर्चच्या कायद्याचे इतिहासकार रुडॉल्फ झोम यांच्याकडून आपण तो घेतला, हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले आहे. लोक सत्तेपुढे मान का तुकवतात, या प्रश्नाची त्यांनी तीन उत्तरे दिली: परंपरा म्हणून, कायदा म्हणून, किंवा समोरच्या माणसात काही असामान्य आहे अशी श्रद्धा बसली म्हणून. यांतले तिसरे उत्तर म्हणजे करिश्मॅटिक सत्ता. ती अनुयायांनी मान्य करावी लागते, आणि नेत्याला यश देत राहून ती पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते. अपयश लांबले की तोच माणूस तसाच असूनही त्याचा प्रभाव ओसरतो. महत्त्वाचे म्हणजे वेबर यांच्या लेखी ही स्तुती नव्हती. त्यांच्या उदाहरणांत प्रेषितांच्या जोडीला रणात बेभान होणारे योद्धे आणि अंगात येणारे शामनही आहेत. वेबर 1920 मध्ये वारले. पुढच्या पंधरा वर्षांत त्यांच्याच देशात हिटलरपुढे जे घडले, ते पाहता हे विशेषण केवळ कौतुकासाठी राखून ठेवणे मला धोक्याचे वाटते.

ख्रिस्ती जगात जुना अर्थ आजही वापरात आहे. 1967 मध्ये पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका प्रार्थना शिबिरातून कॅथलिक करिश्मॅटिक चळवळ उभी राहिली, आणि वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरांत या शब्दाने आजही प्रार्थनासभाच आठवते.

वन्यजीव संवर्धनात हेच विशेषण वाघ, हत्ती, पांडा यांना लावले जाते. ज्यांना पाहून लोक हळहळतात आणि मदत देतात, असे हे मोठे प्राणी. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. त्या जंगलात रानपिंगळा राहतो: वीतभर उंचीचा, पांढऱ्या पिसांनी भरलेल्या जाड पायांचा, दिवसाउजेडी सरडे पकडणारा. 1884 नंतर तो नाहीसाच झाला असे मानले जात होते. 1997 मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. मेळघाटात वाघासाठी राखलेले जंगल या पिंगळ्यालाही मिळाले, ही त्या आकर्षणाची मोठी कमाई आहे.

गिधाडाच्या वाट्याला असे आकर्षण आले नाही. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे, मेलेली गुरे खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत गेली आणि भारतातल्या तीन जातींची संख्या 90 टक्क्यांहून अधिक घटली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर 2006 मध्ये बंदी आली, तोवर गावोगावच्या ढोरफोडीच्या जागा गिधाडांवाचून ओस पडल्या होत्या.