काच प्रकाशाला वाट कशी देते?

मित्रहो, एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करतो. काचेतून पलीकडचे दिसते, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून दिसत नाही. असे का? बरेच जण सांगतात की काचेच्या अणूंमध्ये मोकळी जागा जास्त असेल. पण घनता पाहा. साधी काच पाण्याच्या साधारण अडीचपट जड, अ‍ॅल्युमिनियम २.७ पट. दाटी जवळपास सारखीच. तरीही अ‍ॅल्युमिनियमचा १०० नॅनोमीटरचा थर प्रकाश पुरता अडवतो, आणि ऑप्टिकल फायबरच्या अतिशुद्ध काचेत योग्य तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश १५ किलोमीटर गेला तरी निम्मा शिल्लक राहतो. तेव्हा मोकळ्या जागेचे उत्तर टिकत नाही.

उत्तरासाठी आधी प्रकाश म्हणजे काय ते पाहावे लागेल. १८६५ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी विद्युत आणि चुंबकत्वाची समीकरणे मांडली. बदलते विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, बदलते चुंबकीय क्षेत्र विद्युतक्षेत्र निर्माण करते, आणि ही जोडी लहरीसारखी पुढे सरकते. तिचा वेग त्यांनी निव्वळ विजेच्या प्रयोगांतल्या आकड्यांवरून काढला. तो आला सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचाच. मला भौतिकशास्त्राच्या इतिहासातला हा सर्वांत थरारक क्षण वाटतो. पुढे १८८७-८८ मध्ये हाइनरिश हर्ट्झ यांनी अशा लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या.

आपल्या कामाची गोष्ट एवढीच: प्रकाश म्हणजे डोलणारे विद्युतक्षेत्र, आणि विद्युतक्षेत्र प्रभाराला ढकलते. पदार्थ तर प्रभारांनीच भरलेला. दृश्य प्रकाशाचे क्षेत्र सेकंदाला सुमारे ४०० ते ७५० लाख कोटी वेळा डोलते. अणुकेंद्रके हजारो पटींनी जड, त्यांना या वेगाने हलणे जमत नाही. हलतात ते इलेक्ट्रॉन.

काचेतला प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या अणूशी किंवा बंधाशी बांधलेला असतो. झोक्यासारखी त्याची स्वतःची एक लय असते. झोक्याच्या लयीत धक्के दिले तर तो उंच जातो, म्हणजे धक्क्यांमधली ऊर्जा घेतो. लय जुळली नाही तर नुसता थोडा हलतो आणि घेतलेली ऊर्जा परत देतो. काचेतल्या इलेक्ट्रॉनांची लय अतिनील भागात, म्हणजे जांभळ्या प्रकाशाहून जलद आहे. अणूंची आपसातली थरथर अवरक्त भागात, म्हणजे तांबड्या प्रकाशाहून संथ आहे. दृश्य प्रकाश नेमका या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतो, तिथे काचेत ऊर्जा घेणारे कोणी नाही. काच पारदर्शक आहे ती यामुळे.

आता इथे जरा रेंगाळू या, कारण खरी मौज पुढे आहे. इलेक्ट्रॉन ऊर्जा गिळत नसला तरी डोलतो, आणि डोलणारा प्रभार स्वतःही लहरी सोडतो. काचेच्या प्रत्येक पातळ थरातून अशा दुय्यम लहरी निघतात. थराची पुढे जाणारी एकत्रित लहर मूळ लहरीच्या पाव आवर्तन मागे असते. दोन्हींची बेरीज केली की मिळणारी लहर मूळ लहरीपेक्षा किंचित मागे पडते. पुढच्या थरात आणखी किंचित. हे मागे पडणे साठत जाते आणि आपण म्हणतो, काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटर झाला. खरे तर प्रत्येक सुटी लहर तीन लाखांच्याच वेगाने धावते. मंदावतात ते बेरजेतून आलेल्या लहरीचे माथे. ‘अणू प्रकाश शोषतो, थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा सोडतो’ असे स्पष्टीकरण पुष्कळदा ऐकू येते. ते सोडून द्यावे. तसे असते तर प्रकाश वाटेल त्या दिशेला विखुरला असता, काचेतून सरळ आरपार दिसलेच नसते.

मग लोलकातून रंग का सुटे होतात तेही लगेच कळते. जांभळ्या प्रकाशाची वारंवारता इलेक्ट्रॉनांच्या अतिनील लयीला तांबड्यापेक्षा जवळची. त्यामुळे जांभळ्याने इलेक्ट्रॉन जास्त डोलतात, लहर जास्त मागे पडते, आणि तो अधिक वळतो. अपवर्तनांकातला (पोकळीतला वेग काचेतल्या वेगाच्या किती पट, त्या आकड्यातला) फरक लहानसा असतो, साध्या काचेत तांबड्यासाठी १.५१ तर जांभळ्यासाठी १.५३, पण तेवढा पुरतो.

धातूत गोष्ट वेगळी. तिथे पुष्कळ इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूला बांधलेले नसतात. बाहेरून क्षेत्र आले की ते असे सरकतात की आतले क्षेत्र काही नॅनोमीटरमध्येच नाहीसे होते, आणि त्यांच्या डोलण्यातून निघालेली लहर मागे फिरते. तीच चकाकी. पण वारंवारता वाढवत नेली की एका मर्यादेपलीकडे हे इलेक्ट्रॉनही मागे पडतात आणि लहर आत शिरते. १९३३ मध्ये रॉबर्ट वूड यांनी दाखवले की सोडियम, पोटॅशियमसारख्या धातूंचे पातळ थर अतिनील किरणांना वाट देतात. आयनांबरातही (वातावरणाच्या उंचावरच्या, सुट्या इलेक्ट्रॉनांच्या थरातही) हेच घडते, फक्त तिथे इलेक्ट्रॉन फार विरळ असल्याने मर्यादा खूप खाली येते: शॉर्टवेव्ह रेडिओच्या लहरी परत फिरतात, एफएमच्या आरपार निघून जातात.

म्हणून ‘हा पदार्थ पारदर्शक आहे’ हे विधान मला नेहमी अपुरे वाटते. कोणत्या लहरीसाठी, हे सांगायला हवे. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी सांगितले की प्रकाशाची ऊर्जा ठरावीक पुंजांत येते, आणि पुंज केवढा ते वारंवारतेवर ठरते. दृश्य प्रकाशाचा पुंज जास्तीत जास्त सुमारे ३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचे एक लहान एकक). शुद्ध सिलिकाच्या काचेत इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापातळीवर उचलायला सुमारे ९ लागतात, सिलिकॉनमध्ये फक्त १.१; त्याहून लहान पुंज इलेक्ट्रॉन घेत नाही. त्यामुळे आपल्या डोळ्यांना सिलिकॉनची चकती करडी, अपारदर्शक दिसते, पण १.१ मायक्रोमीटरपेक्षा लांब अवरक्त लहरींना ती स्वच्छ काचेसारखी आहे. उलट, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला खिडकीची काच भिंतीसारखी दिसते. म्हणून त्याची भिंगे बहुधा जर्मेनियमची करतात.

शेवटी चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याकडे वळतो. १९२१ च्या सागरप्रवासात समुद्राच्या निळाईने त्यांना विचारात पाडले. ही निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांनी निकोल लोलकाने (एकाच दिशेत डोलणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या स्फटिकाने) पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळला, तरी पाणी निळेच दिसले. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे त्यांनी त्यावरून मांडले. या वाटेने जाताना २८ फेब्रुवारी १९२८ रोजी के. एस. कृष्णन यांच्यासह केलेल्या प्रयोगांत त्यांना विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशात नसलेली वारंवारता सापडली.

कारण आपल्या आजच्या विषयातच आहे. इलेक्ट्रॉन डोलत असताना रेणूचे अणूही त्यांच्या संथ अवरक्त लयीत थरथरत असतात. त्या थरथरीने इलेक्ट्रॉनांचे डोलणे कमीजास्त होते आणि विखुरलेल्या प्रकाशात थरथरीच्या वारंवारतेइतका फरक उमटतो. हा अंश अत्यंत क्षीण असतो. पण प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, त्यामुळे फरक मोजला की रेणू ओळखता येतो. ज्या अवरक्त लहरींना काच अडवते त्यांच्याच वारंवारता अशा रीतीने दृश्य प्रकाशातून वाचता येतात, आणि दृश्य प्रकाशाला काचेची अडचण नाही. हातात मावणारे रामन उपकरण औषधाच्या बंद कुपीवर धरले, तर झाकण न उघडता आतला पदार्थ कोणता ते सांगता येते.