दिवेकरांचा नवस

नमस्कार श्रोतेहो. ज्यू माणूस जिथे गेला तिथली भाषा त्यानं आपलीशी केली. येमेनमध्ये तो अरबी बोलला आणि आपल्या कोकणात मराठी. कोकणातल्या या ज्यूंना बेने इस्राएल म्हणतात.

त्यांची परंपरा सांगते, की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. या लोकांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. घाण्याचं तेल ज्यानं खाल्लंय त्याला पिशवीतलं तेल गोड लागत नाही, हे माझं ठाम मत आहे. असो. पेणचे ते पेणकर, नवगावचे ते नवगावकर, अशी आडनावंही आपल्यासारखीच.

ग्रंथ गेले, धर्मग्रंथांची हिब्रू भाषा विसरली. मग उरलं काय? शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी सुंता आणि 'शमा' ही प्रार्थना. परत सांगतो, शनिवार, सुंता आणि शमा. मुख्यतः या तीन गोष्टींवर हा समाज शतकानुशतकं ज्यू राहिला.

आता सामाजी हसाजी दिवेकरांची गोष्ट ऐका. हे कंपनी सरकारच्या फौजेत अंमलदार होते. इंग्रज आणि म्हैसूरकर यांच्या दुसऱ्या युद्धात, म्हणजे १७८० ते १७८४ च्या धामधुमीत, ते टिपू सुलतानाच्या हाती लागले. श्रीरंगपट्टणला कैद. पुढची हकिकत त्यांच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती अशी. कैद्यांना जात-धर्म विचारत होते. दिवेकरांची पाळी आली. ते म्हणाले, बेने इस्राएल. दरबारात कुणाला काही उमगेना. टिपूच्या आईनं मात्र ते ऐकलं आणि ती पुढे झाली. कुराणात बनी इस्राईल हे नाव ती वाचत आली होती, त्या वंशातला माणूस मात्र कधी पाहिला नव्हता. याला मारू नका, असं तिनं मुलाला सांगितलं. दिवेकरांचा जीव वाचला!

कैदेत त्यांनी नवस बोलला होता, की सुटलो तर मुंबईत देवाचं घर बांधीन. नवस बोलणं ही तर आपल्या मातीतलीच रीत. सुटून आले आणि १७९६ साली मांडवीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, उभं केलं. नाव शाअर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. पण वास्तू झाली तरी आत ठेवायला तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ हवा, कातड्याच्या गुंडाळीवर हातानं लिहिलेला. तो मिळवायला दिवेकर कोचीनला गेले, तिथल्या ज्यूंकडे, आणि तिथेच १७९७ साली वारले. त्यांचं सिनेगॉग आजही मशीद बंदरजवळ सॅम्युअल स्ट्रीटवर आहे. समाजातली माणसं त्याला 'जुनी मशीद' म्हणतात.

नवस फेडायची या समाजाची खास रीत म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं मांडलेली. हे ताट एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं. अलिबागजवळ खंडाळ्यात एका खडकावर त्यांच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा ज्यूंचा नियम, म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचं दूध. तेही घरी पिळलेलं हवं, डब्यातलं घालू नये.

१९४८ च्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्राएल होते. पुढे बहुतेक इस्रायलला गेले. लोद, रामला, दिमोना, अश्दोद या गावांत आजही जुन्या पिढीचं मराठी कानावर पडतं. तिथे सुरुवातीला काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. इतकी शतकं शनिवार पाळणाऱ्या माणसांवर! समाज रस्त्यावर उतरला, आणि १९६४ साली इस्रायल सरकारनं मान्य केलं, की हे सर्वार्थानं ज्यू आहेत.

पुढच्या भाषणात बगदादहून मुंबईत आलेल्या ससून घराण्याविषयी बोलू. नमस्कार.