जानेवारी ते जानेवारी: गणिताविना एक वर्ष

नमस्कार श्रोतेहो. नवीन वर्ष उजाडलं की अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या आपल्या कॅरी-मॉरिसविलच्या मराठी घरांत एका फॉर्मची धावपळ सुरू होते. पुढच्या वर्षी हायस्कुलात कोणते विषय घ्यायचे, त्याचा हा फॉर्म. ऑनर्स (नेहमीच्या वर्गापेक्षा वरच्या पातळीचा) घ्यायचं की एपी (कॉलेजच्या पातळीचा), यावर रात्र रात्र खल होतो. शेजारच्यांच्या मुलाने काय घेतलंय, याची चौकशीही होते. पण तो विषय वर्षाच्या कोणत्या अर्ध्यात येणार, हे फारसं कुणी विचारत नाही. मी इथल्या मुलांना गणित शिकवते, आणि माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

पुण्या-मुंबईच्या कॉलेजातून आलेल्यांना सेमिस्टर म्हटलं की पाच-सहा विषय एकत्र आणि सहा महिन्यांनी परीक्षा, एवढंच आठवतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या बऱ्याच सरकारी हायस्कुलांत मात्र ‘फोर बाय फोर ब्लॉक’ चालतो. दिवसाला चारच विषय, प्रत्येकी सुमारे दीड तास. ऑगस्टअखेर सुरू झालेले चार विषय जानेवारीत संपतात. परीक्षा, ग्रेड, क्रेडिट, सगळं उरकतं. मग नवे चार विषय. म्हणजे वर्षभराचं गणित पाच महिन्यांत.

आता एक मुलगी बघा. नववीत तिचं गणित पहिल्या सत्रात आलं आणि जानेवारीत चांगल्या ग्रेडने संपलं. दहावीत वेळापत्रकाने गणित टाकलं दुसऱ्या सत्रात. मधे अख्खं एक वर्ष शाळेत गणिताचा एक तास नाही. दहावीच्या जानेवारीत ती माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला कागदावर एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा लिहून दिलं आणि म्हटलं, अवयव पाड. तिने लगेच चार घरांचा चौकोन काढला, कारण शाळेत तसंच शिकवतात. वरच्या डाव्या घरात एक्स वर्ग लिहिला, खालच्या उजव्या घरात सहा, आणि पेन्सिल थांबली. उरलेल्या दोन घरांत काय जातं ते आठवेना. गुणाकार सहा आणि बेरीज पाच असे दोन आकडे शोधायचे, एवढंच होतं. मुलगी हुशार आहे, आळशीही नाही. पण वर्षभर हात न लावलेलं गणित कुणाच्या डोक्यात टिकतं? तिची आई मला म्हणाली, “अहो ताई, हिला तर ए होता!” ए होताच. फक्त तो गेल्या जानेवारीतला होता.

भाषेचंही तेच. स्पॅनिश एक नववीच्या पहिल्या सत्रात आणि स्पॅनिश दोन दहावीच्या दुसऱ्या सत्रात आलं, की पहिला महिना जुनं उकरण्यातच जातो.

वेळेचा हिशोबही एकदा मांडून बघा. वर्षभर रोज ५० मिनिटांची तासिका धरली, तर १८० दिवसांत १५० तास होतात. ब्लॉकमध्ये ९० मिनिटं, पण दिवस ९०च, म्हणजे १३५ तास. पंधरा तास कुठे गेले? ५० मिनिटांच्या १८ तासिका होतात त्या, साडेतीन आठवड्यांची शाळा. आणि जे १३५ तास मिळतात, तेही पुरते हाती लागत नाहीत. चौदा-पंधरा वर्षांचं पोर दीड तास सलग वर्गसमीकरणं ऐकत नाही. शिक्षकही ते ओळखून असतात. मग शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत ‘गृहपाठ सुरू करा’ असं होतं आणि मुलं कानात इअरबड घालून बसतात. चांगल्या शिक्षकाकडे हा वेळ प्रयोगाला, चर्चेला जातो, हे मान्य. पण वेळापत्रक सगळ्या शिक्षकांसाठी असतं.

एपीवाल्यांनी इथे कान द्यावा. एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा देशभर मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत होते. तुमच्या शाळेचं सत्र कधी संपतं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. पहिल्या सत्रात एपी घेतलं, तर विषय जानेवारीत संपतो आणि परीक्षा साडेतीन महिन्यांनी. दुसऱ्या सत्रात घेतलं, तर परीक्षेपर्यंत जेमतेम सव्वातीन महिने, त्यात वसंताची सुट्टी. १९९८ साली कॉलेज बोर्डाने स्वतःच आपले निकाल तपासले होते, तेव्हा विषय वर्षभर शिकलेल्या मुलांची सरासरी एका सत्रात उरकणाऱ्यांपेक्षा सरस निघाली. कॅनडातही ब्रिटिश कोलंबियातल्या दहावीच्या विज्ञानाच्या निकालांचा असाच अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही वर्षभरवाले पुढे. सगळेच अभ्यास असं सांगत नाहीत. काहींना फरक दिसला नाही, काहींत ब्लॉकच उजवा ठरला.

आपल्या राज्यात यावर आणखी एक कडी आहे. २००४ च्या, पुढे २०१२ मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्याप्रमाणे नेहमीच्या कॅलेंडरची सरकारी शाळा २६ ऑगस्टला सगळ्यात जवळच्या सोमवारआधी उघडता येत नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटनवाल्यांनी त्यासाठी जोर लावला होता. हा कायदा जिथे पाळला जातो तिथे पहिलं सत्र नाताळाआधी संपतच नाही, आणि दोन आठवडे सुट्टी भोगून आलेली मुलं जानेवारीत अंतिम परीक्षेला बसतात. आपण काय करतो? सुट्टीच्या आदल्या आठवड्यातलं विमानाचं तिकीट स्वस्त मिळतं म्हणून पाच दिवस शाळा बुडवून पुण्याला जातो. ब्लॉकमध्ये पाच दिवस बुडाले म्हणजे अभ्यासाचे दहा दिवस बुडाले, आणि तेही परीक्षेच्या तोंडावर. आजी-आजोबांना भेटू नका असं मी म्हणणार नाही, पण आधी कॅलेंडर बघा.

आपल्यातल्या एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना या ब्लॉक पद्धतीचा फटका जास्त बसतो. नोकरी बदलते, ऑक्टोबरात बिऱ्हाड दुसऱ्या राज्यातून इथे येतं. मूल तिथे सात विषय शिकत असतं, इथे चारच. उरलेल्या तीन विषयांचं काय करायचं? आणि जे चार जुळतात, त्यांत तिथे सहा आठवड्यांत अभ्यासक्रमाचा सहावा हिस्सा झालेला असतो, इथे तिसरा. केमिस्ट्रीत पोर पहिल्याच दिवशी मागे पडतं, त्यात त्याचा काही दोष नसताना.

मग ही पद्धत आलीच का? मॅसॅच्युसेट्समध्ये जोसेफ कॅरोल, व्हर्जिनियात रॉबर्ट लिन कॅनडी यांच्यासारख्या लोकांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत ती मांडली, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दिवसभर सात वर्गांतून पळणारं मूल धड काहीच शिकत नाही. शिक्षकाकडे सगळे वर्ग मिळून एका वेळी दीडशे मुलं असतात, ती ब्लॉकमध्ये निम्म्यावर येतात. नापास झालेल्याला तोच विषय त्याच वर्षी पुन्हा घेता येतो. वर्षाला आठ क्रेडिट मिळतात. हे फायदे खरेच आहेत. पण लांब तासिका हवी असेल, तर ‘ए-डे, बी-डे’ अशी आठ विषयांची आलटून-पालटून पद्धत आहेच. त्यातही तासिका दीड तासाचीच, फक्त गणित एक दिवसाआड वर्षभर भेटत राहतं. काही शाळा एपीसाठी असा अपवाद करतात, किंवा आधीच्या सत्रात त्याच विषयाचा ऑनर्स वर्ग जोडून देतात. एपीच्या मुलांसाठी जमतं, तर नववीत धडपडणाऱ्या मुलांसाठी का जमत नाही, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

तूर्त एवढं करा. फॉर्म भरताना काउन्सेलरला ईमेल लिहा, फोनवर भागवू नका. यंदा गणित दुसऱ्या सत्रात असेल, तर पुढच्या वर्षीचं पहिल्या सत्रात मागा, म्हणजे मधे फक्त उन्हाळा जातो. एपी शक्यतो वर्षभराचं किंवा जोडवर्गाचं मागा. “सत्र संगणक ठरवतो” असं उत्तर येईल. तरी पुन्हा विचारा, ऑगस्टात बदल होतात. आणि खंड पडणारच असेल, तर आठवड्यातून दोनदा अर्धा तास घरी जुनी उदाहरणं सोडवून घ्या. क्लासला पाठवायलाच हवं असं नाही, हे मी क्लास घेणारीच सांगते आहे.

स्कूल बोर्डाच्या सभेत पालकांना बोलायला मिनिटं मोजून मिळतात. पुढच्या सभेत मी नाव नोंदवणार आहे आणि एकच गोष्ट मागणार आहे: नववीचं गणित वर्षभर ठेवा. ज्यांना यायचंय त्यांनी मुलांनाही घेऊन या, कारण तिथे आपल्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात. नमस्कार.