घुमानचे बाबा नामदेव

मंडळी, पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यात, बटाल्याच्या पुढे, घुमान नावाचं गाव आहे. आपल्याकडे ते नाव घरोघरी पोचलं २०१५च्या एप्रिलमध्ये, तिथे ८८वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा. तिथल्या लोकांना मात्र आपण येण्याची वाट बघावी लागली नव्हती. दर माघ महिन्यात तिथे बाबा नामदेवांचा मेळा भरतो, आणि पंजाबभरातून माणसं येतात.

परंपरा सांगते, ज्ञानदेवांनी समाधी घेतल्यावर नामदेव उत्तरेला गेले. आधी भट्टीवालला राहिले, मग घुमानच्या रानात. त्यांच्याभोवती वस्ती झाली आणि तिचं गाव झालं. तिथल्या बाबा नामदेवांच्या स्थानाच्या आजच्या वास्तूचं श्रेय अठराव्या शतकातले शीख सरदार जस्सासिंग रामगढिया यांना देतात, आणि तलावाशी महाराजा रणजितसिंहांच्या सासूबाई सदा कौर यांचं नाव जोडलं जातं. जवळच तपियाना साहिब हे गुरुद्वारा आहे. बाबा तिथे तपाला बसत, अशी गावाची श्रद्धा. समाधी खरी कुठली, घुमानची की पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी? हा वाद आपण फार घालतो. मला त्यात रस नाही. तिथे काय जपलं गेलं, ते बघू या.

१६०४ साली शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. हाच ग्रंथ पुढे गुरू ग्रंथ साहिब झाला, शिखांचा गुरू. म्हणजे गुरुद्वारात जो माथा टेकतो, तो आपल्या शिंप्याच्या शब्दांपुढेही टेकतो. महाराष्ट्रातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

आसा रागातलं एक पद बघा: ‘छीपे के घरि जनमु दैला, गुर उपदेसु भैला, संतह कै परसादि नामा हरि भेटुला.’ छीपा म्हणजे कापड छापणारा. आपण त्यांना शिंपी म्हणतो. शेवटचा शब्द पुन्हा म्हणून बघा. भेटुला. हरि भेटला! गुरुमुखीत लिहिलेल्या ओळीत आपली मराठी अशी मधेच उभी आहे. ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही’ हे तर आपल्या कुठल्याही आजीला अर्थ न सांगता कळेल.

आणखी एक पद आहे. नामदेव देवळात भजन करत होते, जातीवरून त्यांना हात धरून उठवलं. ते मागे जाऊन बसले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. हीच कथा आपण हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्या नागनाथाला सांगतो. नंदी मागच्या बाजूला का, हेही तीवरूनच सांगतो. औंढ्याहून नरसी, नामदेवांचं जन्मगाव मानतात ते, जवळच आहे. आपल्याकडे ती देवाच्या चमत्काराची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ग्रंथातल्या पदात मात्र हाकलला गेलेला माणूस स्वतः बोलतो, आपली जात हीन म्हणतो आणि देवालाच विचारतो, मग मला छीप्याच्या घरी का जन्म दिलास?

आजही पंजाबातले छींबे, म्हणजे रंगारी, शिंपी, बाबा नामदेवांना आपलं मानतात. तिथे जाल तेव्हा डोक्यावर रुमाल बांधा, दोन्ही हातांच्या ओंजळीत कडाह प्रसाद, म्हणजे गुरुद्वारातला शिरा, घ्या, आणि कुणी विचारलं तर सांगा, आम्ही नरसीकडून आलो.