एक सेकंद आधी

हे चित्र नीट बघा. वरच्या बाजूला पाण्यावर एकटीच पोहणारी बाई. खाली, खोल निळ्यातून तिच्या दिशेने सरळ वर येणारा शार्क, जबडा उघडा. 'जॉज', १९७५. चित्रकार रॉजर कॅस्टेल. मुळात हे कादंबरीच्या पेपरबॅक आवृत्तीचं मुखपृष्ठ. पुढे तेच सिनेमाचं पोस्टर झालं. बाईच्या पोहण्यात जराही घाई नाही. तिला खालचं काहीच ठाऊक नाही. दोघांना एकत्र पाहणारे फक्त आपण, आणि आपली हाक तिच्यापर्यंत पोचणार नाही.

भयपटाचं उत्तम पोस्टर इथेच थांबतं, घटनेच्या एक सेकंद अलीकडे. पुढचा सेकंद थिएटरच्या अंधारात.

'द एक्झॉर्सिस्ट', १९७३. रात्रीची वेळ. घरासमोर हॅट घातलेला माणूस, हातात बॅग. चेहरा दिसत नाही, नुसती काळी आकृती. घराच्या खिडकीतून त्याच्यावर प्रकाशाचा झोत पडलाय. भीती अंधारात दडलेली असते, असं आपण धरूनच चालतो. इथे ती उजेडाच्या बाजूला आहे, आणि हा माणूस आता तिकडेच जाणार आहे.

आणि हे अंडं. १९७९ च्या 'एलियन'चं. भोवती मिट्ट काळोख, तडकलेल्या कवचातून झिरपणारा हिरवा प्रकाश. सिनेमातली अंडी याच्यासारखी नाहीतच. ती चामड्यासारखी, ओलसर. पोस्टरवरचं मात्र थेट कोंबडीच्या अंड्याची आठवण करून देतं. मला ही निवड फार मोलाची वाटते. परग्रहावरची वस्तू पाहून आपण चकित झालो असतो. घाबरायला ओळखीचं काहीतरी लागतं. शीर्षकाची पाच अक्षरंही एकमेकांपासून इतकी लांब बसवलीत, की मधली पोकळीच आधी जाणवते.

ओरबाडलेली अक्षरं, ओघळणारं रक्त, अंधारात बुडालेला अर्धा चेहरा, हेही सगळीकडे दिसतं. त्यावरून सिनेमाचा प्रकार कळतो. झोप उडत नाही.

मासिकाच्या मुखपृष्ठाची गोष्ट निराळी. तिथे राक्षस लपवून चालत नाही. भयपटांना वाहिलेलं अमेरिकी मासिक 'फँगोरिया' १९७९ मध्ये सुरू झालं. या मासिकाच्या मुखपृष्ठावर कित्येक वर्षं डाव्या कडेला फिल्मची पट्टी असायची आणि तिच्या चौकटींमध्ये आतल्या अंकातले चेहरे. म्हणजे पान उलटण्याआधीच दर्शन.

पण मुखपृष्ठांचा खरा जादूगार चित्रकार बेसिल गोगोस. १९५८ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' या मासिकासाठी त्यांनी जुन्या भयपटांतले राक्षस रंगवले. ते सिनेमे कृष्णधवल! रंग गोगोस यांनी मनाने भरले. गालाच्या एका बाजूला हिरवा, दुसऱ्या बाजूला तांबडा, कपाळावर पिवळा. जणू चेहऱ्याभोवती रंगीत दिवे लावलेत. जवळून पाहा. प्रत्येक सुरकुती, प्रत्येक टाका एखाद्या आप्ताचं व्यक्तिचित्र काढावं तशा मायेने रंगवलाय.

कारण हा अंक विकत घेणाऱ्याची त्या चेहऱ्याशी जुनी ओळख असते. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला तो जीव मुखपृष्ठावरून त्याच्याकडे बघतो, तेव्हा जळत्या पवनचक्कीत अडकलेला तो कसा तडफडत होता, हे वाचकाने आधीच पाहिलेलं असतं.