अधांतरी टाच

(ऑपरेशन थिएटरबाहेरचा व्हरांडा. स्ट्रेचर.)

सकाळचे सव्वाआठ. पंचाहत्तरीच्या आजी परवा न्हाणीत घसरल्या आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या उताण्याच आहेत. कूस बदलायची म्हटलं की कळ येते, म्हणून कुणी बदलतही नाही. ऑपरेशन अजून सुरू व्हायचंय, पण टाचांवर आणि माकडहाडावर भार पडून दोन दिवस झालेत.

बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, म्हटलं की वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. टेबलावरच्या दोन-तीन तासांत असं काही होईल, हे पटत नाही. पण आपण झोपेतही कूस बदलतो. भूल दिलेला माणूस बदलत नाही. टोचतंय हे त्याला कळतच नाही. त्यात भुलेनं रक्तदाब उतरतो. वरून हाड, खालून टेबल आणि मधे चिमटलेलं मांस. नासायला सुरुवात होते ती बहुतेकदा आत, हाडालगत. वरची कातडी दोन-तीन दिवस शाबूत दिसते. मग डाग वॉर्डात उमटतो आणि बोलणी वॉर्डातल्या सिस्टर खातात.

कातडी न फाटताही इजा झालेली असते, म्हणून २०१६ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळानं बेडसोअरसाठीचा ‘प्रेशर अल्सर’ (दाबाचा व्रण) हा शब्द सोडून ‘प्रेशर इंज्युरी’ (दाबाची इजा) म्हणायला सुरुवात केली.

(सिस्टर पायाची पट्टी सोडतात.)

पुस्तकात लिहिलेलं असतं, लाली बघा. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसते कुठे? सिस्टर बोटांची पाठ टाचेवर ठेवतात. डावी गार. उजवी आतल्या बाजूनं गरम, किंचित घट्ट. तसं कागदावर लिहिलं जातं, वेळेसकट.

आता टेबलावर घ्यायचं. चौघं जण, चादरीची चार टोकं. “मामा, ओढू नका, उचला.” ओढलं की कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं मांस पुढे सरकतं आणि बारीक रक्तवाहिन्या तुटतात.

या ऑपरेशनला पाय ट्रॅक्शन टेबलाच्या, म्हणजे पाय ताणून धरणाऱ्या टेबलाच्या, बुटांत आवळून बांधतात. त्याआधी टाचेला, घोट्याला कापसाचा रोल, एकही सुरकुती न ठेवता. कमरेखाली जेल पॅड. जांघेत येणाऱ्या टेबलाच्या खांबाला जाड वेष्टण, लघवीची नळी त्याखाली दबलेली नाही ना, हेही हात घालून बघायचं. बीटाडीन ओघळून पाठीखाली साचलं, तर ओली चादर बदलायची.

(ऑपरेशननंतर. रिकव्हरी रूम.)

“आजी, पाय हलतोय का?”

“कुठला पाय?”

भूल उतरलेली नाही, म्हणजे टाच अजूनही मुकी. पोटरीखाली लांबट उशी, गुडघा जरासा वाकलेला. टाचेखालून हाताचा पंजा आरपार गेला पाहिजे. सून तेलाची बाटली घेऊन आलीय.

“ताई, चोळू नका. आतलं नाजूक झालेलं मांस चोळल्यानं आणखी दुखावतं. आणि टाचेखाली ती हवेची रिंगही नको, कडेनं रक्त अडतं.”

(तिसरा दिवस. वॉर्ड.)

उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा जांभळट डाग. दाबला तर मऊ लागतो. सिस्टर फाईल उलटतात. सव्वाआठची नोंद, तीच टाच, तीच बाजू. त्याखाली आजची तारीख लिहितात आणि घसरलेली उशी पुन्हा पोटरीखाली सरकवतात.