केडलस्टनला जाताय? तळमजला चुकवू नका

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? ऊन पडलंय ना तुमच्याकडे? आमच्याकडे मिडलंड्समध्ये सकाळपासून चक्क लख्ख आहे, आणि इथे ऊन पडलं की घरात बसणं पाप असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यात आता सीझन आहे आईबाबा यायचा. सहा महिन्यांच्या व्हिसावर सासूबाई-सासरे येतात, पहिल्या पंधरा दिवसांत लंडन उरकतं, मेणाचे पुतळे झाले, मोठा पाळणा झाला, मग पुढच्या प्रत्येक शनिवारी सकाळी तोच प्रश्न, आज कुठे न्यायचं? तर आज त्याचंच एक उत्तर घेऊन आलेय. डर्बीच्या वायव्येला, शहरातून गाडीने पंधरावीस मिनिटांवर, केडलस्टन हॉल.

आता तुम्ही म्हणाल, हो माहितीये, एक मोठ्ठं घर, पुढे हिरवळ, तळं, बदकं, कॅफेत स्कोन. अशी घरं इंग्लंडमध्ये पैशाला पासरी आहेत, एक बघितलं की सगळी बघितली. बरोबर आहे, मीही बऱ्याच ठिकाणी असंच म्हणते. पण केडलस्टन बाकीच्यांसारखं नाहीये, कारण हे घर आहे कर्झनचं. होय, तोच आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला, बंगालची फाळणीवाला लॉर्ड कर्झन. जन्म १८५९ चा, इथलाच.

पण आधी पार्क, कारण मुलं गाडीतून उतरल्यावर घराकडे बघत पण नाहीत. आठशे एकरांच्या आसपासचा पसारा आहे, गेटातून आत शिरलात की डावीउजवीकडे मेंढ्या, मग एक दगडी पूल, त्याखाली तळी एकापुढे एक, आणि मग एकदम समोर चढावर ते घर. हे सगळं इतकं नैसर्गिक वाटतं ना, पण यातलं काहीही आपोआप झालेलं नाही बरं का, ती तळी म्हणजे एका साध्या ओढ्याला अडवून अडवून रुंद केलेलं पाणी आहे, टेकाडं, झाडांचे पुंजके, सगळं आखून. आणि घराच्या खिडकीतून बघितलं तर बागेला कुंपणच दिसत नाही तरी मेंढ्या बागेत येत नाहीत, ते कसं? तर मध्ये एक खंदक आहे, एका बाजूने भिंत, दुसऱ्या बाजूने उतार, घरातून पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. आमच्या घरच्या दहा वर्षांच्या कार्टीला अख्ख्या दिवसातली ही एकच गोष्ट भारी वाटली, ती त्या खंदकाच्या काठावरून हलायलाच तयार नव्हती.

आणि ज्या जागी हे सगळं आहे तिथे आधी एक गाव होतं. १७५९ मध्ये आपल्या कर्झनच्या पूर्वजाने, नॅथॅनिएल कर्झनसाहेबांनी, नवं घर बांधायला घेतलं, तेव्हा ते गाव त्यांच्या व्ह्यूच्या आड येत होतं म्हणून उचलून दुसरीकडे नेलं, डर्बीकडे जाणारा रस्ताही वळवला. राहिलं फक्त चर्च, ते आजही घराला चिकटून उभं आहे. सासऱ्यांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, म्हणजे कोयनेच्या धरणग्रस्तांसारखंच की. मी म्हटलं बाबा, तिथे निदान वीज तरी मिळाली, इथे मिळाला नजारा.

पिकनिकचं सांगते पटकन. वारा असतो, त्यामुळे कागदी प्लेटा नेऊ नका, उडतात. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी आणि थर्मासात चहा नेतो, बेस्ट जमतं. सतरंजी टाकायच्या आधी खाली नीट बघा, मेंढ्यांनी सगळीकडे प्रसाद ठेवलेला असतो.

आता घर. तीन आर्किटेक्ट झाले त्याचे, आधी ब्रेटिंगहॅम, मग पेन, आणि मग तो तरुण रॉबर्ट ॲडम, नुकताच रोमहून शिकून आलेला, तो बाग सजवायच्या कामाला आला आणि बघता बघता सगळंच हातात घेतलं. म्हणून मागच्या बाजूला गेलात तर घर नाही, रोमन विजयकमानच उभी केल्यासारखी दिसते. आत शिरल्याबरोबर मार्बल हॉल, गुलाबीसर अलाबास्टर दगडाचे वीस खांब, खिडकी एकही नाही, उजेड सगळा वरून छतातून. त्याच्या मागे गोल सलून, ६२ फूट उंच घुमट. सासूबाई वर बघत बघत म्हणाल्या, झाडणार कोण हे? रास्त प्रश्न. ड्रॉइंग रूममध्ये निळे सोफे आहेत, त्यांना दोन्ही बाजूंनी सोनेरी मत्स्यकन्या आणि त्यांचे पुरुष धरून बसलेत, मुलांना ते दाखवा. प्रत्येक खोलीत व्हॉलंटिअर असतात, बहुतेक रिटायर्ड मंडळी, त्यांना नुसतं एक काहीतरी विचारा आणि मग बघा, दहा मिनिटं हलू देत नाहीत, पण माहिती एकदम पक्की.

एक मजा ऐका. मूळ नकाशात मधल्या घराला चार कोपऱ्यांवर चार जोडइमारती होत्या, वळणदार कॉरिडॉरने जोडलेल्या. प्रत्यक्षात दोनच झाल्या. पण हाच नकाशा गेला कलकत्त्याला! गव्हर्नर जनरल वेलस्ली याला वाटलं, हिंदुस्थानावर राज्य करायचं तर राहायला पण तसंच पाहिजे, त्याने केडलस्टनच्या धर्तीवर गव्हर्नमेंट हाऊस बांधलं, तेच आत्ताचं तिथल्या राज्यपालांचं निवासस्थान, आणि तिथे चारही बाजू पूर्ण केल्या. म्हणजे कॉपी ओरिजिनलपेक्षा मोठी. ते पुरं झालं १८०३ मध्ये. आणि १८०३ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? असईची लढाई, जालन्याजवळ, शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध कोण होता, तर याच वेलस्लीचा धाकटा भाऊ आर्थर. एक भाऊ इकडे आपल्याशी लढतोय, दुसरा तिकडे महाल बांधतोय, बिल अर्थात हिंदुस्थानच्या नावावर. कंपनीच्या लंडनमधल्या डायरेक्टरांना हा खर्च अजिबात आवडला नव्हता, ते सोडा. पुढे १८९९ मध्ये आपला हा जॉर्ज कर्झन ३९व्या वर्षी व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला गेला तो थेट स्वतःच्या घराच्या नकलेतच राहायला. असं नशीब कुणाचं असतं!

आता मुख्य मुद्दा, तळमजला. वरच्या खोल्या बघून लोक दमतात, कॅफेकडे पळतात आणि खालचं म्युझियम राहून जातं, तसं करू नका. कर्झनने आशियातल्या प्रवासात आणि व्हाइसरॉय असताना गोळा केलेल्या वस्तू तिथे आहेत, हस्तिदंत, चांदी, शस्त्रं, असं बरंच. या घराण्याचं ब्रीदवाक्यच आहे की कर्झनने जे धरलं ते कर्झनने धरून ठेवावं, आणि त्या कपाटांपुढे उभं राहिलं की पटतं, अगदी पाळलंय हो.

तिथे एक ड्रेस आहे. मोरपिसांचा. म्हणजे खरी पिसं नाहीत, सोनेरी कापडावर जरदोजीने काढलेली पिसं, एकावर एक. मेरी कर्झन, शिकागोची मुलगी, जॉर्जची बायको म्हणून व्हाइसरीन, तिने १९०३ च्या दिल्ली दरबारातल्या बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, घातलेला, लाल किल्ल्यात. भरतकाम आपल्याकडच्या कारागिरांनी केलं, ते कापड पॅरिसला गेलं, वर्थ या नामांकित ड्रेसवाल्याच्या दुकानात शिवून परत आलं. वजन साडेचार किलोच्या आसपास, तो घालून नाचायचं! दुरून बघितलं तर प्रत्येक पिसाच्या डोळ्यात पाचू बसवलाय असं वाटतं. काचेला नाक लावून बघा, पाचू नाहीये तो, भुंग्याच्या पंखावरचं कवच आहे, हिरवंनिळं, नखाएवढं, कापून टाक्याने धरलेलं. आणि गंमत अशी की सव्वाशे वर्षांत सोन्याची जर काळवंडलीय पण भुंगा मात्र तसाच चमकतोय. उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, डोळे सरावेपर्यंत थांबा. फोटोचा नाद सोडा, येत नाही नीट. शिवणकाम करणाऱ्या सासूबाई तिथे पाऊण तास होत्या, एकेक टाका बघत. ज्यांनी ते काम केलं त्या बोटांची नावं कुठल्या खोलीत ऐटीत टांगलेली नाहीत, टांगलेलं आहे ते घरच्यांचं पोर्ट्रेट.

दरबार भरला त्याच्या तीनच वर्षं आधी, १८९९-१९०० मध्ये, दख्खन आणि गुजरात दुष्काळाने होरपळून निघाले होते हे डोक्यात ठेवून तो ड्रेस बघा. आणि ज्या राजाच्या राज्याभिषेकासाठी सगळा थाट, तो सातवा एडवर्ड आलाच नव्हता.

सासरे जुने पुणेकर, त्यामुळे परतताना गाडीत कर्झनवर वाद झालाच. नवरा म्हणाला, ताजमहालाची डागडुजी केली, १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणला, पुरातत्त्व खात्याला पुन्हा उभं केलं, हे तर खरंय ना? सासरे म्हणाले, खरंय, आणि त्याच वर्षी युनिव्हर्सिटीचा कायदा आणला, ज्याच्याविरुद्ध गोखले कौन्सिलात भांडत होते, ते विसरलास? मग १९०५ ला फाळणी, पुण्यात परदेशी कापडाची होळी, आणि बनारसच्या काँग्रेसमध्ये अध्यक्ष म्हणून गोखल्यांनी, मवाळ गोखल्यांनी बरं का, कर्झनच्या कारभाराची तुलना थेट औरंगजेबाशी केली. मी गाडी चालवत होते म्हणून गप्प होते, पण माझं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, आणि दगडावर जेवढं प्रेम केलं तेवढं माणसांवर केलं नाही त्याने.

आता कामाचं. १९८७ पासून घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे इथल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, तिचे मेंबर असाल तर फुकट, पाच वर्षांखालच्यांना तसंही फुकट. पार्क वर्षभर असतो पण घराच्या आतल्या भागाचे दिवस आणि महिने ठरलेले असतात, आणि ड्रेस कधी देखभालीला काढलेला असू शकतो, म्हणून निघायच्या आधी वेबसाइट बघाच, नाहीतर म्हाताऱ्या माणसांना एवढं घेऊन जायचं आणि दरवाजा बंद. गुडघे दुखणाऱ्यांसाठी वरच्या मजल्याचं काय करायचं ते फोन करून विचारा, बाहेरचा जिना मोठा आहे. चर्च उघडं असेल तर आत डोकवा, कर्झन आणि मेरीचे पांढरे संगमरवरी पुतळे शेजारी शेजारी निजलेत, ती १९०६ मध्येच गेली, तो १९२५ मध्ये. घर बघायला दोन तास तरी धरा आणि म्युझियम आधी करा, कॅफे नंतर.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या गणपतीचं प्लॅनिंग घेऊन येते, तोवर मस्त फिरा. बाय बाय!